खुली जवारी

फॉर्मवर वीस ओळी होत्या, आणि त्यातल्या एकोणीस दिलावरचाचांनी कुणाला न विचारता भरून टाकल्या होत्या. पहिल्या ओळीत नमाज, दुसरीत मरहूम भावाचं नाव, तिसरीत स्वतःचं. तहमिनाचा नंबर अकरावा लागला होता, दुकानाच्या कुलपाच्या आकड्यांच्या खालोखाल.

“विसावी ओळ मोकळी ठेवलीय भाभी,” चाचा मोठ्या मनाने म्हणाले. “तुमच्या मनातलं काय असंल तर घाला.”

खैरूनने फॉर्म हातात घेतला. तिच्या हातात आला की कागदही फडफडायला लागायचा. गेली तीन वर्षं चहाच्या कपापासून सुईपर्यंत सगळ्याचं तेच झालं होतं. तिने ओळी वाचल्या, एकदा दिराकडे बघितलं आणि फॉर्म लेकीच्या पुढ्यात टाकला.

“तहमी, काट.”

“कुठली ओळ?”

“सगळ्या. आन् वीसच्या वीस ओळीत एकच लिही. जवारी.”

मेंदूविकार विभागाच्या डॉक्टर सुमेधा अवताडे चष्मा काढून पुसायला लागल्या. पेशंट असं काही बोलला की त्या चष्मा पुसायच्या. “मावशी, असं अजून कुणी केलेलं नाही.”

“मग मी पयली.”

ही गोष्ट फार पुढच्या काळातली नाही. आज शाळेत जाणारी पोरं तेव्हा केस पिकायच्या वाटेवर असतील, एवढीच पुढची. मिरजेत तंतुवाद्यांची गल्ली तेव्हाही आहे, माळ्यावर भोपळे तेव्हाही टांगलेले आहेत, आणि तंबोऱ्याची तार छेडल्यावर जो गुंजारव उठतो तो तेव्हाही माणसाच्याच हाताने काढावा लागतो. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिची पाठ कानशीने अशी घासायची की तार तिच्यावर टेकली आहे की तरंगते आहे हे तारेलाही कळू नये. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. त्याला जीवा म्हणतात. जीवा जागेवर बसला की आवाज फुलतो. हीच जवारी. केसभर चूक झाली की तंबोरा एक तर घोगरतो नाही तर पत्र्यासारखा वाजतो. कारखान्यात लेसरने कापलेल्या घोड्या बाजारात येऊन दहा वर्षं झाली होती. मोठे गवई त्या घेत, आणि दोन महिन्यांनी गुपचूप गल्लीत येऊन खैरूनकडून जवारी लावून नेत.

खैरून हे शिकली सासऱ्यांकडून. त्यांना सगळे अब्बाजी म्हणत. पदरात दोन मुलगे असून त्यांनी आपली विद्या सुनेला दिली, कारण थोरला, म्हणजे तहमिनाचा बाप, तरुणपणीच गेला, आणि धाकट्या दिलावरच्या कानाला ढोल आणि तंबोरा सारखेच. पण देताना अब्बाजींनी सुनेकडून शब्द घेतला: घरची जवारी सुनेला द्यायची, लेकीला नाही. लेक ती उचलून परक्या घरी नेते. तहमिनाने पुढे लग्नच केलं नाही, त्यामुळे जवारी न्यायला तिच्याकडे परकं घरच नव्हतं. पण नियमाला हे कोण सांगणार?

तेरा वर्षांची असताना तहमिनाने घरच्या कारखान्यातला हाडाचा एक तुकडा चोरला होता. महिनाभर शाळेतून आल्यावर, माळ्यावर भोपळ्यांच्या मागे बसून, तिने त्याची घोडी केली. तार चढवणार तोच खैरूनने पकडलं. पोरीच्या हातातली कानस हिसकावली आणि घोडी सरस शिजवायच्या शेगडीत टाकली. केस जळाल्यासारखा वास सुटला. दोन दिवस तो घरातून गेला नाही आणि तहमिनाच्या नाकातून तर कधीच गेला नाही. पुढे कॉलेजात तिला कळलं की केस, नख, शिंग, लोकर, रेशीम, हाड, काहीही जाळा, वास एकच येतो, कारण त्या सगळ्यांत प्रथिन असतं. त्या वासाचा माग काढत काढत ती जीवरसायनशास्त्राची डॉक्टर झाली असं कुणी म्हटलं तर तिला राग यायचा. पण ते खोटं नव्हतं.

आता ती सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायची. दर वर्षी पहिल्या तासाला एक मोडका तंबोरा घेऊन वर्गात जायची. “पेशी चार कुळांच्या मोठाल्या रेणूंनी बनते,” ती सांगायची. “पहिलं कूळ कर्बोदकांचं. हा भोपळा आणि हा सुती धागा, दोन्ही सेल्युलोज, साखरेला साखर जोडत गेलेली लांबच लांब माळ. दुसरं स्निग्ध पदार्थांचं, म्हणजे या लाकडाला पाजलेलं तेल. ते माळेचे नव्हेत, पण प्रत्येक पेशीच्या भोवतीचं कुंपण त्यांचंच, म्हणून त्यांनाही पंगतीला बसवलंय. तिसरं न्यूक्लिक आम्लांचं. भोपळ्याच्या बीमध्ये पुढचा भोपळा कसा करायचा ते लिहून ठेवलंय, ते त्यांच्या अक्षरात. आणि चौथं प्रथिनांचं. ही घोडी, हा सरस, आणि तंबोरा छेडणारी बोटं.”

प्रथिन म्हणजे वीस तऱ्हेच्या मण्यांची माळ. ती नुसती लोंबत राहिली तर निकामी. ठरलेल्या घडीत बसली तर कामाची. कंपवातात मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी चुकते, आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. एक नासका आंबा सारी आढी नासवतो, तसं ते शेजारच्या प्रथिनालाही आपल्यासारखंच वाकडं करतं. त्यांच्या गाठी होतात. हात स्थिर ठेवणाऱ्या पेशी त्या गाठींनी आधी गुदमरतात, मग मरतात. जुनी औषधं थरथर तेवढी झाकून ठेवायची. नवीन आलं होतं त्याला सगळे ‘उकल’ म्हणत. पाव फुगवणारं यीस्ट कडक उन्हात सापडलं की त्याची प्रथिनं गोळा होऊन बसतात, आणि ती उलगडायला त्याच्याकडे एक वेगळं प्रथिन असतं. शास्त्रज्ञांनी तेच घेतलं आणि माणसाच्या मेंदूला मानवेल असं बेतलं. मेलेल्या पेशी त्याने परत येत नव्हत्या. गुदमरलेल्या मात्र श्वास घ्यायला लागत.

अडचण एवढीच होती की काही गाठी मेंदूने मुद्दाम मारलेल्या असतात. दोन मज्जापेशी जिथे एकमेकींना भेटतात तिथे दुसऱ्याच एका प्रथिनाची बारीक गाठ बसते आणि जुनी आठवण तिच्या जोरावर टिकते. उकलला चांगली गाठ आणि वाईट गाठ यांतला फरक कळत नव्हता. हजारो वेळा घोटलेली, हातात भिनलेली कसबं तर सगळ्यात आधी सुटायची. एका कशिदाकाराचे हात उकलने दगडासारखे स्थिर केले, आणि सुई कुठून धरायची ते पुसून टाकलं. यावर उपाय एकच सापडला होता. औषध अंगात काम करत असताना जी आठवण वापरात असेल तिची गाठ पेशी पुन्हा नव्याने मारतात. म्हणून सहा दिवस, रोज चार तास, आणि हा वीस ओळींचा फॉर्म. इस्पितळात त्याला जपणूक यादी म्हणत. यादीतल्या गोष्टी त्या तासांत घोकायच्या आणि उरलेल्या नशिबावर सोडायच्या.

“भाभी, आमची तोंडं विसरलात तर?” चाचांचा आवाज चढला.

“तुम्ही रोज समोर येताच की दिलावरभाई. नव्यानं वळख करून घेईन. जवारी काय दारात येऊन ‘मी जवारी’ म्हणून सांगणार न्हाई.”

तहमिना ओळी खोडत होती. अकराव्या ओळीपाशी पेन थोडं थांबलं. तिला वाईट वाटलं, उगाच कशाला लपवायचं? मग तिने स्वतःचं नाव खोडलं आणि वर जवारी लिहिलं.

लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं. “अम्मी, पण घासणार कोण? औषध चालू असताना तू जे करशील ते पक्कं होणार. या हातानं घासलंस तर थरथरच पक्की होईल.”

अवताडे बाईंनी चष्मा चढवला. “बरोबर आहे. हात दुसऱ्याचे हवेत. मावशींनी फक्त ऐकायचं आणि सांगायचं.”

गल्लीतल्या दुसऱ्या घराला बोलवायचं म्हणजे घरची जवारी शेजारी नेऊन ठेवण्यासारखं. चाचांच्या कानाची तर गोष्टच नको.

“मी,” तहमिना म्हणाली. मायेपोटी म्हणाली असं मुळीच नाही. पंचवीस वर्षं दाबून ठेवलेला हट्ट होता तो, आणि तोंडातून निघताना तो तिलाही तसाच ऐकू आला.

“अब्बाजींना शब्द दिलाय!” चाचा उठून उभे राहिले. “लेकीच्या हातात कानस द्यायची न्हाई. त्यांच्या उशाशी बसून दिलाय तुम्ही, भाभी. मी हुतो तिथं.”

खैरूनने आपल्या थरथरत्या हाताकडे बघितलं. मग लेकीच्या हाताकडे. खडूने माखलेला, नखं बारीक कापलेला हात होता तो, आणि त्याचा अंगठा थेट तिच्या स्वतःच्या अंगठ्यासारखा बाहेर वळलेला होता.

“शब्द मी दिलता,” ती म्हणाली. “मोडते बी मीच. तिकडं गेल्यावर अब्बाजींना जबाब मी देईन, तुमास्नी कुणी इचारणार न्हाई.”

आता इस्पितळ आडवं आलं. हाडाचा भुसा, कानशी, काचा, लाकूड, यातलं काहीही वॉर्डात चालणार नाही असं अवताडे बाईंनी सांगितलं. नियम नियम असतो. खैरूनने शांतपणे पलंगावरून पाय खाली सोडले, चपला शोधल्या आणि पिशवी उचलली.

“मावशी, कुठं चाललात?”

“घरी. हात घिऊन जाते माझं. थरथरू देत.”

“अहो, पण...”

“ह्या पलंगाला चाकं हाईत न्हवं?” खैरूनने वाकून बघितलं. “हाईत की. मग मागच्या गॅलरीत न्या मला. तिथं वारं बी हाय, उजेड बी हाय.”

अवताडे बाईंनी पुन्हा चष्मा पुसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नळ्या, वायरी, मॉनिटर असा सगळा लवाजमा घेऊन पलंग गॅलरीत उभा होता.

पहिला दिवस वाया गेला म्हटलं तरी चालेल. तहमिनाने प्रयोगशाळेतून घोडीची पाठ मोजायचं यंत्र आणलं होतं. ते केसाच्या शंभराव्या भागापर्यंत चढउतार दाखवायचं. तिने आईने पूर्वी लावलेल्या एका घोडीची मापं काढली आणि नवीन घोडी तंतोतंत तशी घासली. तार चढवली, छेडली. डबा वाजला.

“माप बरोबर आहे गं अम्मी,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

“माप त्या घोडीचं बरोबर हाय. तो तंबोरा निराळा, ह्याचा भोपळा निराळा. जावयाचा शर्ट सासऱ्याला घातलास तू.” नळी लावलेला हात खैरूनने दुसऱ्या हाताने दाबून धरला होता. “कानस ठिव. काचेचा तुकडा घे. म्होरल्या अंगाला एकदाच वड. एकदाच! आता ऐक.”

दुसऱ्या दिवशी तहमिनाने जे केलं ते प्रयोगशाळेत जन्म गेलेल्या बाईशिवाय कुणी केलं नसतं. सिस्टरने बजावलं होतं की अर्ध्या अर्ध्या तासाने सगळं स्पिरिटने पुसून घ्या. तिने इमानाने हात पुसले, कानस पुसली, आणि मग तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळीही पुसली. बोळा तांबूस झाला. तबलीवर पांढरा डाग उमटला, आणि ती घाबरून आणखी जोरात पुसायला लागली.

“अगं अगं अगं!” खैरून ओरडली. “लाखेचं पालीस हाय ते! दारूत इरघळतंय! किती शिकलीयास म्हणं तू?”

लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे तहमिनाला ठाऊक होतं. ती ते परीक्षेत विचारायची. ती कपाळाला हात लावून बसली, आणि खैरून हसायला लागली. नळीसकट, वायरींसकट ती एवढी हसली की मॉनिटर वाजायला लागला आणि सिस्टर धावत आली. कित्येक वर्षांत दोघी अशा हसल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी थरथर निम्म्यावर आली. त्याच दिवशी खैरूनला ती राहते त्या गल्लीचं नाव आठवेना. आपली बहीण कुठल्या गावी दिली तेही गेलं. सांगितलं की ती “व्हय व्हय” म्हणायची, पण ते पाहुण्याच्या गावाला म्हणावं तसं.

चौथ्या दिवशी दिलावरचाचा अल्बम घेऊन आले. खुर्ची ओढून बसले आणि पहिलं पान उघडलं. “भाभी, हा मी. वळखलं का?”

खैरूनने फोटो बघितला, चाचांकडे बघितलं, आणि लेकीला विचारलं, “हे कोण गं? इस्पितळाच्या पावतीचं काय हाय का?”

चाचांचं तोंड एवढंसं झालं. ती खरोखर विसरली होती की सोंग करत होती, हे तहमिनाला आजतागायत कळलेलं नाही.

पण अल्बम तिथेच मांडीवर राहिला, आणि त्यात तहमिनाचे फोटो होते. दोन वेण्या घातलेली. विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेताना. वडिलांच्या खांद्यावर. साडेनऊ वाजले होते, अजून अडीच तास औषधाचे होते. तहमिनाच्या मनात आलं, अर्धा तास. फक्त अर्धा तास कानस खाली ठेवायची आणि हिला विचारायचं, हा फोटो कुणाचा, त्या दिवशी मी कुठला फ्रॉक घातला होता. अर्ध्या तासाने जवारीचं काय वाटोळं होणार आहे? तिने कानस ठेवलीही. अल्बम ओढून घेतला.

“ते ठिव,” खैरून म्हणाली.

“अम्मी, थोडा वेळच. मला तू... मी तुझ्यात राहायला हवी गं.”

“तू कुठं चाललीयास? हितंच हाईस न्हवं?” खैरूनचा आवाज कडक होता, पण डोळे भरले होते. “जवारी गेली तर तुला द्यायला माझ्यापाशी काय ऱ्हाईल? नुसती म्हातारी. तार चढव.”

तहमिनाने अल्बम मिटला. त्या दिवशी ती रागाने घासत होती, आणि राग आला की तिचा हात हलका व्हायचा हे तिलाही नवीन होतं. साडेअकराला पंचमाची तार पहिल्यांदा बोलली. पुरती नाही, पण घसा खाकरून कुणीतरी आत उभं आहे एवढं तरी कळलं.

पाचव्या दिवशी खैरूनची जीभ अडली. “आता त्यो... त्यो...” ती तारेखाली बोट दाखवत राहिली. “त्यो सरकीव. पांढरा.”

“जीवा?”

“त्याला जीवा म्हणत्यात?” खैरूनने विचारलं.

तहमिना धावत अवताडे बाईंकडे गेली. औषध थांबवा म्हणाली. बाई म्हणाल्या, “थांबवता येईल, पण अर्धवट उलगडलेल्या गाठी परत आवळतात, आणि आधीपेक्षा जास्त. नाव गेलं म्हणजे काम गेलं असं नाही. पण खात्री मी देणार नाही.” तहमिना परत आली तेव्हा खैरून गॅलरीत बसून, डोळे मिटून, बोटाच्या चिमटीत हवा धरून सरकवत होती. जरा पुढे, जरा मागे. मग थांबली. तिथेच, अगदी तिथेच जीवा बसायचा असतो. नाव सुटलं होतं, जागा सुटली नव्हती.

“इथं,” ती डोळे न उघडता म्हणाली. “नावाला काय चाटायचंय?”

सहाव्या दिवशी बारा वाजता सिस्टरने नळी काढली. खैरूनने दोन्ही हात समोर धरले. गॅलरीत अवताडे बाई होत्या, सिस्टर होती, आणि सगळ्यात मागे, पाहुण्यासारखे अवघडून, दिलावरचाचा होते. हात हलले नाहीत. खैरूनने चहाचा कप उचलला, बशीशिवाय, काठोकाठ भरलेला, आणि एक थेंब न सांडता संपवला. तहमिनाला हुंदका आला तो तिने आवरला नाही.

मग खैरूनने कानस मागितली. तहमिनाने लावत आणलेल्या घोडीवर तिने तीनदा हात फिरवला, एवढाच. सुताचा धागा चिमटीत धरून सरकवला, थांबली, परत किंचित मागे घेतला. आणि तार छेडली.

आवाज उठला तो खाली बसेचना. एका तारेतून चार तारा जाग्या झाल्या, गॅलरीचे गज झणझणले, आणि खालच्या आवारात स्टँडवर गाडी लावणारा एक माणूस हँडल धरून वर बघत राहिला. खुली जवारी होती ती. अब्बाजींची होती, खैरूनची होती, आणि खालची निम्मी घासणी तहमिनाची होती. ती राहिली होती. वीसच्या वीस ओळींनी ती राखली होती.

“हात चांगला वळलाय तुझा,” खैरून लेकीला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “वळणारच की. ल्हानपणी बसवलं हुतं न्हवं का मी तुला? माळ्यावर, भोपळ्यांच्या मागं. माझ्या मांडीला मांडी लावून बसायचीस. पयली घोडी तू तवाच केलीस.”

माळा खरा होता. भोपळे खरे होते. मधली गाठ सुटली होती आणि मेंदूने आपल्या मनाने रिकामी जागा भरली होती. अवताडे बाईंनी घरी न्यायच्या सूचनांच्या कागदावर हे आधीच छापून दिलं होतं: रुग्णाच्या मनात नव्याने बसलेल्या समजुती खोडून काढू नयेत.

“गप बस,” मागून चाचा कुजबुजले. “असू दे. केवढा ग्वाड समज हाय बघ.”

गोड होताच. नुसती मान हलवली असती तर तहमिनाला फुकटात एक आई मिळाली असती, तिने तेराव्या वर्षी मागितली होती तश्शी. पण मग माळ्यावर महिनाभर एकटी बसलेल्या त्या पोरीचं काय? तिला आता दुसरं कुणीच ओळखत नव्हतं. आईच्या डोक्यातून ती गेली होती, आणि तहमिनाही हो म्हणाली असती तर ती घोडी दुसऱ्यांदा जळाली असती.

“नाही अम्मी,” ती म्हणाली. “तू नाही शिकवलंस मला.”

“मॅडम,” अवताडे बाईंनी हात वर केला.

“नाही डॉक्टर. हा कागद तुमचा, आई माझी.” ती खैरूनच्या समोर बसली. “मी चोरून केली होती घोडी. तू पकडलंस. कानस हिसकावलीस माझ्या हातातून, हे बघ, इथं लागली होती. आणि घोडी सरसाच्या शेगडीत टाकलीस.”

“मी?”

“तू.”

“कशापायी?”

“लेकीला द्यायची नाही म्हणून. अब्बाजींना शब्द दिला होतास.”

खैरून तिच्याकडे बघत राहिली. आठवायचा प्रयत्न करत होती हे दिसत होतं, आणि आठवत नाही हेही दिसत होतं. खाली कुणाची तरी गाडी सुरू झाली.

“मग तू काय केलंस?”

“रडले. आणि मग त्या वासाचा अभ्यास केला.”

“कशी लागली हुती तिची जवारी?”

हा प्रश्न पंचवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. “माहीत नाही,” तहमिना म्हणाली, आणि तिचा आवाज तेरा वर्षांच्या पोरीसारखा फुटला. “वाजवलीच नाही गं. तार चढवायच्या आधीच जाळलीस तू.”

“गाढव हुते मी,” खैरून म्हणाली. “आन् अब्बाजी बी.”

“भाभी!” चाचा पुढे आले.

खैरूनचं लक्ष नव्हतं. तिने पिशवीत हात घातला, स्थिर हात, आणि हाडाचा एक कोरा तुकडा काढून लेकीच्या मांडीवर ठेवला. त्याच्यावर कानस ठेवली. मग पलंगावरून उतरून ती लेकीच्या शेजारी, फरशीवर, मांडीला मांडी लावून बसली.

“कर. तसलीच कर, तवा केलतीस तशी. किती बी येळ लागू दे, आज वाजवूनच उठायचं.” तिने मान वर केली. “आन् ते कोण हुबं हाईत तिथं, त्यास्नी म्हणावं बाजूला व्हा जरा. पोरीचा उजेड अडतोय.”